पोरींनो, पेशंट उचलू नका, सरकवा

परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी २६ वर्षं स्टाफ नर्स आहे. नवीन मुली रुजू झाल्या की औषधांच्या कपाटाआधी मी त्यांना कॉटची चाकं दाखवते आणि ब्रेक लागतो का ते पायाने दाबून बघायला लावते.

पेशंट हलवायचं शिकणं तिथूनच सुरू होतं, आणि ते सगळ्यात आधी शिकवायला कारण आहे. एका रात्रपाळीला अर्धांगवायूचे आजोबा कॉटवर खाली घसरले होते. वॉर्डबॉय दुसरीकडे अडकलेला. मी उशाशी उभी राहिले, त्यांच्या काखेत हात घातले आणि वाकूनच वर ओढलं. कमरेत चमक निघाली. पहाटे चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना, डाव्या पोटरीपर्यंत मुंग्या. नांदेडला एमआरआय केला, मणक्यातली गादी सरकली होती. दीड महिना घरी पडून होते. आजोबांचा लुळा खांदाही त्या ओढण्याने दुखावला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. काखेत हात घालून कुणालाच ओढू नका.

'कंबर नको, गुडघे वाकवा' हे आपण ट्रेनिंगमध्ये पाठ करतो. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. कामाच्या जागी होणाऱ्या दुखापतींचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असताना खोकं उचलायची मर्यादा २३ किलो आहे. पेशंटसाठी ती १६ किलोच धरतात, कारण पेशंट मध्येच अंग सोडतो, हात झटकतो, गळ्याला मिठी मारतो. ६० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय साडेनऊ किलोच्या आसपास भरतो, प्लास्टरचं वजन वेगळं. ड्रेसिंगला तो पाय हातावर तोलून धरू नका, खाली उशा द्या.

आता घसरलेल्या पेशंटला वर कसं घ्यायचं ते सांगते. डोक्याकडची बाजू सपाट करा, नाहीतर तुम्ही त्याला चढावर ओढताय. उशी काढून कॉटच्या डोक्याच्या दांडीला उभी लावा, म्हणजे डोकं आपटणार नाही. चादर दुहेरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. दोघी दोन बाजूंना. चादरीच्या कडा गुंडाळत पेशंटच्या अंगाजवळ आणा आणि कोपर आपल्या पोटाशी ठेवा. हात लांब गेला की कमरेवरचा ताण कितीतरी वाढतो. पेशंटला आधी सांगा, "बाबा, गुडघे मोडा, हनुवटी छातीला लावा, तीन म्हटलं की टाचा दाबा." एक पाय पुढे, एक मागे. तीनला मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर न्या. हातांनी ओढायचं नाही, अंगाचा भार सरकवायचा. चादर घासत असेल तर तिच्याखाली मोठी, कोरी प्लास्टिकची पिशवी घाला आणि काम झालं की लगेच काढा. नाहीतर पेशंट पुन्हा घसरतो आणि घामाने कातडी सोलते. मे महिन्यात आपल्याकडे हा घाम काय असतो ते सांगायला नको.

आपल्या जुन्या लोखंडी कॉट वर-खाली होत नाहीत. तिथे एक गुडघा कॉटवर टेका, वाकणं कमी होतं.

दुसरी सिस्टर नसेल तर नातेवाईक असतातच. "सिस्टर, सरका तुम्ही, मी क्विंटलचं पोतं घेतो पाठीवर," म्हणत एखादा पुढे होतो. त्याची ताकद हवीच आहे, पण आधी त्याला चादर कुठे धरायची ते दाखवा आणि मोजणारी एकच ठेवा. घरी गेल्यावर बाजेवरच्या आईला हाच मुलगा फिरवणार आहे.

व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, तिरकी लावा. ब्रेक लावा, पायठेवणी वर करा. कॉटच्या कडेला दोन मिनिटं बसवा, चक्कर येते का बघा. त्याचे हात तुमच्या मानेभोवती नकोत. त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा (पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर बांधू नका). त्याच्या अधू गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेका द्या आणि वळताना कंबर न पिळता पावलं टाका.

चालताना पेशंट कोसळायला लागला तर त्याला वर धरून ठेवायचा प्रयत्न करू नका. मला माहीत आहे, हे मनाला पटत नाही. पण एक पाय मागे घ्या, त्याला अंगाशी धरा, आपल्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर उतरू द्या आणि डोकं सांभाळा. मग आधी तपासणी. मान किंवा खुब्याला मार नाही ना हे बघितल्याशिवाय उठवू नका. उठवताना ब्लँकेट आणि चार-सहा जण.

आपण स्वतः कमरेचा पट्टा बांधून ड्युटी केली की दुखापत टळते, याला पुरावा नाही. त्याच्या भरवशावर जास्त वजन घेऊ नका.

कमरेत उसण भरली तर त्याच दिवशी इनचार्जना सांगा आणि रजिस्टरला नोंद करा. दुखणं गुडघ्याखाली उतरलं, पाऊल उचलेना झालं तर डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली, सुटायला लागली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर ड्युटी संपायची वाट बघू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा.