परीक्षा तोंडावर आणि डोक्यात व्हॅम्पायर: या चुका टाळा

अभ्यासाला बसलं की नेमकं कादंबरीचं पुढचं प्रकरण सुचतं, हा अनुभव लिहिणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना असतो. मग प्रकरण अर्धवट राहतं आणि धडाही. दोन्हीकडे बिघडतं त्याचं कारण एकच आहे: हद्द ठरलेली नसते. आपल्या व्हॅम्पायरला काय करता येत नाही हे लेखकाने ठरवलेलं नसतं, आणि गोष्टीला दिवसातला किती वेळ द्यायचा हे विद्यार्थ्याने ठरवलेलं नसतं.

नियम न ठरवता पहिलं प्रकरण लिहिणं

एक चाचणी घ्या. तुमच्या व्हॅम्पायरला सकाळी ११ च्या पेपरला बसवा. जागा खिडकीजवळची, शेजारच्या मुलाचं बोट कागदाने कापलेलं, दारात पर्यवेक्षक हॉलतिकीट तपासतायत. तो हॉलपर्यंत पोचला कसा? उन्हाने त्याला काय होतं आणि किती मिनिटांत? बोलावल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात शिरता येत नसेल, तर तो नियम परीक्षा केंद्राला लागू आहे का? रक्ताचा वास येत असताना तो तीन तास बसू शकतो का? हॉलतिकिटावर फोटो आहे का? यातल्या दोन प्रश्नांना जरी ‘ते लिहिताना बघू’ असं उत्तर आलं, तरी लिखाण मध्यावर अडकणार हे धरून चाला.

‘नेहमीचेच नियम आहेत’ म्हणून हा भाग सोडून देणारे बरेच जण असतात. नेहमीचे नियम असे काही नाहीतच. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला काउंट भरदिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो; दिवसा त्याच्या शक्तींवर बंधनं येतात, एवढंच. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रुळली ती १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटापासून. फिकट, देखणा, उमराव घराण्यातला व्हॅम्पायर इंग्रजी कथेत १८१९ मध्ये अवतरला. त्याच्या आधीच्या लोककथांमधला, १७२५ च्या सुमारास सर्बियात ज्याच्या भीतीने थडगी उघडली गेली तो, फुगलेला, लालसर-काळपट चेहऱ्याचा साधा गावकरी होता. प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, त्याच्या दाबाने तोंडावाटे रक्तासारखा द्रव येतो आणि कातडी आकसल्याने नखं वाढल्यासारखी दिसतात. लोकांनी जे पाहिलं ते हे होतं. म्हणजे निवडायला भरपूर वाव आहे, फक्त निवड तुमची हवी आणि ती कागदावर हवी.

एका पानावर चार रकाने आखा: नियम, अपवाद, किंमत, कुठे दाखवला. नियम सहाच्या वर नेऊ नका. सगळ्यात महत्त्वाचा रकाना किमतीचा. उदाहरणार्थ, ‘तो मनातले विचार ऐकू शकतो’ याच्यापुढे किंमत लिहिली नाही, तर तुमच्या कादंबरीत गुपित म्हणून काही उरणार नाही आणि पर्यवेक्षकांसकट कुणीही त्याला अडवू शकणार नाही. त्याच्यापुढे ‘ज्याचं ऐकतो त्याची भीती दिवसभर याच्या अंगात राहते’ असं लिहिलं की प्रसंग आपोआप तयार होतात. चौथ्या रकान्यात प्रकरणाचा आकडा टाका. शेवटच्या संकटात जो नियम वापरायचा, तो वाचकाला निदान एकदा आधी दिसलेला असला पाहिजे. आयत्या वेळी काढलेली शक्ती ही वाचकाची फसवणूक आहे.

आरसा हा नियम विशेष गोंधळ घालतो. ‘आरशाला चांदी असते म्हणून प्रतिबिंब दिसत नाही’ असं कारण दिलंत तर पुढचा हिशोबही द्यावा लागेल. काचेवर चांदीचा थर देण्याची रासायनिक पद्धत १८३५ ची. त्याआधीच्या आरशांमागे कथील आणि पारा असायचा. जुन्या फिल्मवर चांदीचे क्षार होते, मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रतिमा तशी उमटत नाही. म्हणजे तुमचा व्हॅम्पायर १८०० सालच्या आरशात दिसेल, १९५० च्या फोटोत दिसणार नाही आणि आजच्या सेल्फीत पुन्हा दिसेल. ही अडचण नाही, ही आयती कथावस्तू आहे. फक्त ती लेखकाच्या लक्षात वाचकाआधी यायला हवी.

रक्ताचा हिशोब न करणं

शरीराच्या दर किलोमागे साधारण ७० मिली रक्त असतं. ६० किलोच्या माणसात ते सव्वाचार लिटरच्या आसपास भरतं. यातलं १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सहाशे-सव्वासहाशे मिली गेलं, तर निरोगी माणसाला फारसं काही जाणवत नाही. त्यापुढे ३० टक्क्यांपर्यंत नाडी जलद होते, हातपाय गार पडतात, जीव घाबरा होतो. ३० ते ४० टक्क्यांत रक्तदाब घसरतो, बोलण्यात गोंधळ येतो. ४० टक्क्यांपुढे, म्हणजे पावणेदोन लिटरच्या सुमारास, जिवावर बेततं. हे टप्पे समोर ठेवा आणि मगच प्रसंग लिहा. एका घोटात नायिका बेशुद्ध पडत नाही आणि तीन लिटर गेल्यावर ती उठून संवादही म्हणत नाही.

मान हा शब्द लिहून थांबू नका, कुठली रक्तवाहिनी ते ठरवा. धमनीतलं रक्त दाबाने उसळतं, कपडे आणि भिंत माखतात, ते थांबवणं अवघड असतं. मानेच्या बाजूला त्वचेलगत शीर असते. तिच्यातलं रक्त गडद असतं आणि संथ वाहतं. ज्याला माणूस जिवंत ठेवायचा आहे तो व्हॅम्पायर शिरेकडेच जाईल. त्याच नायिकेचं रक्त तो रोज पिणार असेल, तर लक्षात घ्या की रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी मात्र भरायला कित्येक आठवडे लागतात. आठवडाभरात तिला जिना चढताना धाप लागेल, ओठ पांढुरके पडतील, वर्गात बसल्याबसल्या पेंग येईल. घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या नजरेला हे पडणारच. ते पडलं की गोष्ट पुढे सरकते.

खऱ्या रक्तपिपासू वटवाघळांकडून बरंच उचलता येतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत त्यांच्या तीन जाती आहेत. नेहमी आढळणारं वटवाघूळ तीस-चाळीस ग्रॅमचं असतं आणि एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास रक्त पिऊ शकतं. ते चोखत नाही. पुढच्या दातांनी उथळ काप घेतं आणि जिभेने चाटतं. लाळेतल्या द्रव्यामुळे जखमेतलं रक्त गोठत नाही. दोन-तीन रात्री उपास घडला तर ते मरतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त उलटून देतं. व्हॅम्पायरांच्या टोळीतलं ऋण, उपकार, लाचारी, सगळं या एका सवयीवर उभं करता येईल. ‘तो शतकानुशतकं भुकेला होता’ या वाक्यापेक्षा तिसऱ्या रात्रीची भीती कितीतरी खरी वाटते.

चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होतो, हा नियम मात्र टाळाच. एकाने महिन्यातून एकदाच चावा घेतला आणि प्रत्येक बळी व्हॅम्पायर झाला, तर संख्या दर महिन्याला दुप्पट होते. ३३ महिन्यांनी ती ८५९ कोटी होते, म्हणजे पृथ्वीवर माणूस उरत नाही. रूपांतर दुर्मीळ ठेवा, महाग ठेवा. बनवणाऱ्याचंही त्यात काहीतरी गेलं पाहिजे.

तीनशे वर्षांचा, पण बोलतो सतराचा

वय नुसतं सांगून भागत नाही. त्याचा जन्म, रूपांतराचं वय, पाहिलेल्या लढाया किंवा रोगांच्या साथी, शिकलेल्या भाषा, मेलेली माणसं यांची सालवार यादी करा. १७३० मध्ये लंडनला जन्मलेल्याला ३ ते १३ सप्टेंबर १७५२ या तारखा आठवणारच नाहीत, कारण दिनदर्शिका बदलताना ब्रिटनने त्या ११ दिवसांवरून उडी मारली. असा एक तपशील पानभर वर्णनाचं काम करतो.

मराठीत लिहिताना हाताशी आणखी एक साधन असतं: तू, तुम्ही, आपण. जुन्या काळातला माणूस अनोळखी मुलीशी ‘आपण’ म्हणून बोलेल आणि भूक अनावर झाली की ‘तू’ वर येईल. हे दोन-तीनदाच करा, पण विचारपूर्वक. सगळ्यांच्या तोंडी एकसारखं ‘तू’ घातलंत तर हे साधन वाया जातं. क्रियापदांच्या काळाचंही तेच. ‘तो येतो’ने सुरू झालेला परिच्छेद ‘त्याने पाहिलं’वर संपत असेल, तर मसुदा मोठ्याने वाचा, कानाला लगेच खटकेल.

अभ्यास बाजूला ठेवून ‘एवढं एकच प्रकरण’

गोष्ट डोक्यात घोळत असताना तिला नुसतं दाबून उपयोग नाही, ती परत परत येते. टेबलावर कोरी चिठ्ठी ठेवा. कल्पना आली की दोन ओळीत लिहा, आणि तिसरी ओळ अशी लिहा: ‘हे शनिवारी ५ वाजता’. तिसरी ओळ महत्त्वाची आहे. अपुरं काम कधी आणि कसं पुरं होणार हे ठरलं की मन त्याचा पिच्छा सोडायला लागतं. चिठ्ठी कागदाचीच हवी. त्यासाठी मोबाइल उघडला की दोन ओळींची वीस मिनिटं होतात.

लिहायची वेळ अभ्यासाच्या आधी ठेवू नका. लेखनाला शेवट नसतो, म्हणून ते पुढच्या कामाचा वेळ खातं. अभ्यासाचे दोन टप्पे संपल्यावर ३० मिनिटं, गजर लावून. गजर वाजला की वाक्याच्या मध्येच थांबा आणि खाली एका ओळीत पुढे काय होणार ते टिपून ठेवा. प्रसंग पूर्ण करूनच उठायचं ठरवलंत की तास जातो, आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागते.

रात्री दोनला वातावरण जमतं म्हणून तेव्हाच लिहिणं हे सगळ्यात महागात पडणारं. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. कॉफीतल्या कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायला बहुतेकांना पाचेक तास लागतात. रात्री ९ ला घेतलेल्या कपाचा अर्धा असर २ वाजताही अंगात असतो. अंधार हवा असेल तर खोलीत पडदे ओढा आणि संध्याकाळी लिहा.

नकाशे, वंशावळी, घराण्यांची बोधचिन्हं काढत बसणं हे तर गोष्टीचंही काम नसतं आणि अभ्यासाचंही. कसोटी सोपी आहे. एखादा तपशील बदलला तर कुठल्याही पात्राचा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर तो परीक्षेनंतर.

अभ्यासातली याची जुळी चूक म्हणजे धडा पुन्हा पुन्हा वाचणं आणि रंगीत रेघा ओढणं. ओळखीचं वाटतं, पण आठवत नाही. पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून चुका लाल करा. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा असाच करा. पाठोपाठ चार वेळा वाचण्यापेक्षा अंतर ठेवून आठवण्याने जास्त टिकतं.

उत्तरपत्रिकेत कादंबरी

लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण इथे जातात आणि कारण त्यांना कळत नाही. कथेत माहिती रोखून धरायची असते, उत्तरात ती पहिल्याच वाक्यात द्यायची असते. ‘काळाच्या पडद्याआड दडलेल्या त्या क्रांतीची बीजं…’ अशी सुरुवात झाली की तपासणारा मुद्दा शोधत खाली जातो, आणि तो पाचव्या ओळीत असेल तर निसटू शकतो. पाच गुणांचं उत्तर असं बसवा: पहिल्या वाक्यात थेट उत्तर, मग दोन-तीन कारणं वेगवेगळ्या ओळींवर, मग एक उदाहरण. विशेषणं काढून टाका.

वेळही आधी वाटून घ्या. ८० गुण आणि तीन तास असतील तर १५ मिनिटं वाचन-तपासणीला ठेवून गुणामागे साधारण दोन मिनिटं येतात. पाच गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटं. निबंधात रमून तिथे चाळीस मिनिटं घालवली, तर शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. निबंधासाठी कथा निवडली तर पात्रं दोन, प्रसंग एक, शेवट आधी ठरलेला. व्हॅम्पायर घ्यायला हरकत नाही, पण त्याचा एकच नियम आणि तो पहिल्या परिच्छेदात.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवं प्रकरण सुरू करू नका आणि कादंबरी पूर्ण बंदही करू नका. रोज दहा मिनिटं फक्त नियमांचं पान किंवा सालवार यादी. परीक्षा संपल्यावर जुना मसुदा वाचून तो टाकाऊ वाटेल. त्या दिवशी काहीही खोडू नका. फाइलची तारीख घातलेली प्रत काढून ठेवा, नियमांचं पान वाचा, शेवटचं अर्धं पान हाताने पुन्हा उतरवा आणि तिथूनच पुढचं वाक्य लिहा. दुरुस्त्या पहिला मसुदा शेवटाला पोचल्यावर.