वाफेवर चालणारं शहर लिहायचंय? आधी पाणी मोजा

माझी नात कथा लिहितेय. १८४८ साली डलहौसीनं सातारचं दत्तक नामंजूर केलंच नाही, राज्य टिकलं आणि पुढं अख्खी राजधानी चाकांवर आली, अशी तिची कल्पना. पहिल्या खर्ड्यात मनोरे होते, घड्याळं होती, दातेरी चक्रं होती. पाणी कुठंच नव्हतं. सांगलीजवळच्या साखर कारखान्यात बॉयलरवर २६ हंगाम काढलेत, म्हणून सांगतो.

पाण्यापासून सुरुवात करा. १ किलो चांगला दगडी कोळसा जाळला की ७-८ किलो पाण्याची वाफ होते. उसाचं चिपाड जाळलं तर जेमतेम २ किलो. म्हणजे शहर रोज किती जाळतं हे ठरवलं, की ते किती पितं तेही ठरलं. एवढी तहान घेऊन ते कृष्णेचा काठ सोडून लांब जाऊच शकत नाही. मग वाट शोधावी लागत नाही: संगम माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली.

जळणाचं बघा. आपल्या काळ्या पाषाणात दगडी कोळसा सापडत नाही. लांबून विकत आणायचा, नाहीतर कोयनेचं रान तोडायचं. कथेतलं खरं भांडण इथंच आहे, ते दवडू नका.

पावसाळ्यात शहर हलवू नका. काळ्या रानात बैलगाडी रुतते. मुरमाड माळ बघून चातुर्मासभर मुक्काम टाका. बॉयलर थंड करून नळ्यांवरची क्षाराची पुटं खरवडायला तेवढेच दिवस मिळतात. आम्हीही हंगाम संपला की हेच करायचो.

आणि संकट हवं असेल तर ते बॉयलरच्या काचेत शोधा. बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणारी उभी, बोटभर जाडीची काचेची नळी. आतलं पाणी सारखं थरथरत असतं. अगदी स्थिर दिसलं तर बॉयलरकडून काचेत येणारी वाट तुंबलीय समजायचं. एकदा रात्रपाळीला बघतो तर काचेत पाणीच नाही. नवखा पोरगा पंपाकडं धावला. मी त्याचा दंड धरला. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी गेलं तर बॉयलर फुटतो. आधी जळण बंद, आग बाहेर ओढायची, मग बाकीचं. त्या पोराचा दंड माझ्या मुठीत लटलटत होता.

नातीला म्हटलं, तुझ्या शहरातला फायरमन, म्हणजे बॉयलरची आग सांभाळणारा, असा उभा कर. वर हजारो माणसं गाढ झोपलीत, पंपाची चावी हाताशी आहे, आणि हा तिला हात न लावता आग बाहेर ओढतोय.