प्रोसेसरांना प्रकाशाने जोडताना: हिशेब डिटेक्टरपासून मागे करावा

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, किंवा अंबड-सातपूरच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत काम करणाऱ्या ज्यांना अनेक प्रोसेसर जोडणाऱ्या यंत्रणेसाठी सिलिकॉन फोटॉनिक्सचा, म्हणजे सिलिकॉनच्या चिपवरून प्रकाशाने माहिती नेण्याच्या तंत्राचा, दुवा आखून पाहायचा आहे, त्यांनी सर्वप्रथम प्रकाशाची खरोखर गरज आहे का, हे तपासावे. एका लेनवर, म्हणजे केबलमधील एका मार्गिकेवर, सेकंदाला 100 गिगाबिट पाठवायचे असतील, तर साधी तांब्याची केबल सुमारे 2 मीटरपर्यंत टिकते. त्याच्या आत काम भागत असेल तर तांबेच ठेवावे, कारण ते स्वस्त आहे आणि दुरुस्तीला सोपे आहे. प्रकाश वेगवान असतो म्हणून तो वापरावा, हे कारण तर मनातून काढूनच टाकावे. सिलिकॉनच्या वेव्हगाइडमधून, म्हणजे चिपवरच्या प्रकाश वाहून नेणाऱ्या अरुंद पट्टीतून, एक मिलिमीटर जायला संकेताला सुमारे 14 पिकोसेकंद लागतात, आणि सर्किट बोर्डावरील तांब्याच्या रेषेत तेवढे अंतर साधारण निम्म्या वेळात कापले जाते. प्रकाशाचा खरा लाभ असा, की फायबरमध्ये काही मीटर आणि काही शे मीटर यांतला ऱ्हास जवळपास सारखाच असतो, आणि एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींवर वेगवेगळी माहिती एकाच वेळी जाऊ शकते.

गरज पक्की झाली की ऱ्हासाचा, म्हणजे वाटेत गमावलेल्या प्रकाशाचा, ताळेबंद मांडावा, आणि तो लेसरपासून पुढे न मांडता टोकाला प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरपासून मागे मांडावा. बागलाणातील फड सिंचन पद्धतीत बंधाऱ्यावरून पाटात किती पाणी सोडले यापेक्षा टोकाच्या शेतापर्यंत किती पोचले, यालाच महत्त्व असते. येथेही तसेच आहे. उदाहरणादाखल असे धरू, की डिटेक्टरला किमान उणे 10 डीबीएम प्रकाश हवा आणि लेसर प्रत्येक तरंगलांबीवर 10 डीबीएम, म्हणजे 10 मिलिवॅट देतो. (डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती; दर 10 डेसिबलला ती दहापट बदलते.) फायबरमधून चिपमध्ये शिरताना 2 डेसिबल, प्रकाशावर माहिती चढवणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये 5, एक सेंटिमीटर वेव्हगाइडमध्ये 2, बाहेर पडताना 2, कनेक्टरांमध्ये 1, पलीकडच्या चिपमध्ये शिरताना 2 आणि तिथल्या फिल्टरमध्ये 1 असे एकूण 15 डेसिबल गेले, तर डिटेक्टरपाशी उणे 5 डीबीएम पोचतात आणि 5 डेसिबल शिल्लक राहतात. ही शिल्लक ऐषारामाची नव्हे. जोडणीतील सूक्ष्म चुका आणि तापमानाचे फेरफार तिच्यातूनच भागवावे लागतात. चिपच्या कडेने जोडणी करण्याऐवजी सोयीसाठी ग्रेटिंग कपलर, म्हणजे चिपच्या पृष्ठभागावरून प्रकाश आत-बाहेर करणाऱ्या सूक्ष्म जाळ्या, वापरले आणि तिन्ही ठिकाणी 2 ऐवजी 4 डेसिबल गेले, तर एवढ्यानेच सगळी शिल्लक संपून आणखी एक डेसिबल कमी पडतो.

यंत्रणा वाढवताना बहुतेक आराखडे नेमके याच ठिकाणी फसतात. प्रकाश दोन वाटांत विभागला की प्रत्येक वाटेला 3 डेसिबल कमी मिळतात, चार वाटांत विभागला की 6. म्हणजे वरच्या दुव्यावरून केवळ चार प्रोसेसरांना एकच संदेश प्रक्षेपित करायचा म्हटले तरी हिशेब बसत नाही. लेसरची शक्ती वाढवत नेणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण 1550 नॅनोमीटरजवळ वेव्हगाइडमधील एकूण शक्ती काही दहा मिलिवॅटच्या पुढे गेली की सिलिकॉन स्वतःच दोन-दोन फोटॉन एकत्र शोषू लागते. म्हणून प्रकाशाने दोन टोके थेट जोडावीत, आणि कोणता संदेश कोणाकडे जावा हा निर्णय इलेक्ट्रॉनिक स्विचकडे ठेवावा, असे माझे मत आहे.

मॉड्युलेटर आणि फिल्टर यांसाठी रिंग रेझोनेटर, म्हणजे वेव्हगाइडचे सूक्ष्म कडे, जागेच्या दृष्टीने सर्वांत किफायतशीर ठरते. 5 मायक्रोमीटर त्रिज्येच्या कड्याचे अनुनाद, म्हणजे ते ज्यांना प्रतिसाद देते त्या तरंगलांबी, एकमेकांपासून सुमारे 18 नॅनोमीटर दूर असतात, 1.6 नॅनोमीटर अंतराने आठ वाहिन्या, म्हणजे आठ तरंगलांबी, घेतल्या तर 12.8 नॅनोमीटर लागतात आणि त्या आत बसतात. त्रिज्या 10 मायक्रोमीटर केली तर हेच अंतर 9 नॅनोमीटरवर येते आणि वाहिन्या एकमेकींवर चढतात. मात्र कड्याचा अनुनाद दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.08 नॅनोमीटरने लांब तरंगलांबीकडे सरकतो. जानेवारीत नाशिकची पहाट आणि दुपार यांतच 15 अंशांहून अधिक फरक पडतो, म्हणजे वातानुकूलन नसलेल्या खोलीत कडे एका दिवसात 1.2 नॅनोमीटर भटकते, आणि शेजारच्या प्रोसेसरवर भार आला की हेच काही क्षणांत घडते. त्यामुळे प्रत्येक कड्याला सूक्ष्म हीटर आणि त्याच्यातील प्रकाश मोजणारा छोटा डिटेक्टर द्यावा, आणि दोघांना नियंत्रण परिपथाने बांधावे. हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. म्हणून चिप सर्वाधिक तापलेली असतानाही कड्याचा नैसर्गिक अनुनाद लेसरच्या तरंगलांबीच्या किंचित अलीकडेच राहील, असा आराखडा करावा. वेव्हगाइडच्या रुंदीत एका नॅनोमीटरचा फरक पडला तरी अनुनाद साधारण एका नॅनोमीटरने हलतो, त्यामुळे कोणते कडे कोणती वाहिनी घेणार हे कागदावर न ठरवता, यंत्रणा सुरू झाल्यावर जवळच्या क्रमाने नेमावे.

लेसर चिपच्या बाहेर ठेवावा. सिलिकॉन स्वतः कार्यक्षमतेने प्रकाश निर्माण करत नाही, आणि तापलेल्या प्रोसेसरशेजारी ठेवलेला इंडियम फॉस्फाइडचा लेसर लवकर निकामी होतो. एनव्हिडियाने 2025 मध्ये जाहीर केलेल्या फोटॉनिक स्विचमध्येही सूक्ष्म कड्यांचे मॉड्युलेटर आहेत आणि लेसर बाहेरून बसवलेले, बदलता येण्याजोगे आहेत.

आराखड्यासाठी केलेआउट, पायथनमधील जीडीएसफॅक्टरी आणि प्रकाशाच्या गणितासाठी मीप ही मुक्त साधने पुरेशी आहेत. 220 नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनवर सुमारे 450 ते 500 नॅनोमीटर रुंदीचा वेव्हगाइड हा रूढ मार्ग सोडू नये. चिप अनेकांच्या आराखड्यांसोबत सामायिक वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या एकाच चकतीवर, करून घ्यावी. खर्च विभागला जातो, पण प्रतीक्षा महिन्यांची असते. म्हणूनच मुख्य दुव्याशेजारी वेगवेगळ्या लांबीचे तीन-चार नुसते वेव्हगाइड अवश्य ठेवावेत. चिप हाती आल्यावर मुख्य दुव्याला हात न लावता आधी त्यांचा ऱ्हास मोजावा: लांबीनुसार काढलेल्या आलेखाचा उतार दर सेंटिमीटरचा ऱ्हास सांगतो, आणि लांबी शून्य धरल्यावर उरणारा आकडा जोडणीचा. फायबरचे टोक प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पुसावे, कारण धुळीच्या एका कणाने एक-दोन डेसिबल सहज जातात आणि दोष विनाकारण आराखड्यावर येतो. एकच मापन पहाटे आणि भर दुपारी अशा दोन्ही वेळी, चिपचे तापमान शेजारी नोंदवून घ्यावे, आणि ताळेबंदातील गृहीत आकडे खोडून त्यांच्या जागी मोजलेले आकडे लिहावेत.