कॅरेक्टर ॲनिमेशनचा प्रोजेक्ट वेळेत कसा संपवायचा

ठाण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आधी हेच सांगते: गोष्ट छोटी घ्या. दहा सेकंद म्हणजे सेकंदाला 24 प्रमाणे 240 फ्रेम, एकट्याला पुष्कळ झाल्या. रिग, म्हणजे कॅरेक्टर हलवायचा आतला सांगाडा, तयारच घ्या.

मग मित्राला तलावपाळीवर, तळ्याकाठच्या रस्त्यावर, नेऊन खांद्यावर जड बॅग देऊन चालायला लावा, मोबाईलवर बाजूने शूट करा. एकेक फ्रेम पुढे सरकवत कंबर बघा: पाऊल टेकल्यावर ती खाली दबते, मग वर येते. वजन दिसतं ते तिथेच, हात-बोटं नंतर.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आधी फक्त मुख्य पोझेस, इंटरपोलेशन (दोन पोझेसमधली हालचाल) कॉन्स्टंट, म्हणजे पुढची पोझ येईपर्यंत आधीची तशीच राहते. याच टप्प्यावर मला दाखवा, बेझियर, म्हणजे मधली हालचाल सलग करणारं इंटरपोलेशन, लावल्यानंतर पोझ बदलणं जिवावर येतं.

रेंडर, म्हणजे अंतिम चित्रं, पीएनजी फ्रेममध्येच काढा, प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल. मध्येच लाईट गेली तरी उरलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं.