गाडीत पुढचं काय टाकायचं? आधी या चुका टाळा

माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) आहे, सहा गिअरवाली मॅन्युअल, २०२१ ची, म्हणजे चाकणच्या प्लांटमधून पोलो यायची बंद झाली त्याच्या वर्षभर आधीची. कागदावर पॉवर ११० पीएस, टॉर्क १७५ एनएम. रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) करून तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत मी जेवढे पैसे चुकीच्या क्रमाने घालवलेत ना, तेवढ्यात एक बरी सेकंडहँड बाइक आली असती. म्हणून कोणी विचारलं की "भाऊ, स्टेज वन झालंय, म्हणजे नुसता रीमॅप, आता नेक्स्ट काय टाकू?" तर माझा एकच उलटा प्रश्न असतो, गेल्या वेळी गाडी जोरात चालवलीस तेव्हा आधी काय थकलं? ब्रेक, टायर, क्लच, का तू स्वतः? याचं उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेव, कारण बाकीचे लोक तुला डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) असं पंगतीत वाढल्यासारखं वाढत राहतील, आणि त्यांचं काही जात नाही, बिल तुझं असतं.

चूक पहिली: आधी पळवायचं, थांबायचं नंतर बघू

ही माझी स्वतःची. रीमॅप करून दोन आठवडे झाले होते, ट्यूनरने (रीमॅप करणाऱ्याने) टॉर्क २२० एनएमच्या आसपास सांगितलेलं, मी आणि दोन मित्र पहाटे ताम्हिणी घाटात निघालो. चढताना मजाच मजा. विळ्याकडे उतरताना मात्र चौथ्या का पाचव्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, पुढच्या वळणाला अजून खाली, आणि त्याच्या पुढच्याला मी पाय दोन-तीनदा पंप करून आणि दुसरा गिअर टाकून कसंबसं वळवलं, मागे बसलेला मित्र जो सलग बोलत होता तो एकदम गप्प झाला. गाडी बाजूला घेतली, पुढच्या चाकातून जळका वास. अर्ध्या तासाने पेडल जसं होतं तसं परत, जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने झाकण उघडलं तर फ्लुइड चहासारखं काळपट. बदललंच नव्हतं कधी, कारण दर सर्व्हिसला "फक्त ऑइल बदला, एक्स्ट्रा काही लावू नका" हे सांगणारा हुशार मीच. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं आणि ओल आत गेली की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ नवीन असताना किमान २३० डिग्री आणि ओल शोषलेलं असलं की १५५ डिग्री, एवढा फरक. फ्लुइड उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, पेडल पिचकतं आणि कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) काही पोचतच नाही.

एवढं लक्षात ठेवा, घाटात उपयोगी पडतं. पेडल मऊ पडलं, खाली गेलं तर फ्लुइड. पेडल कडक आहे, पायाला नीट लागतंय, पण गाडी थांबत नाही तर पॅड तापलेत. दोन वेगळे आजार आहेत, औषध वेगळं. लोक दोन्हीवर "बिग ब्रेक किट टाक" सांगतात, लाखाच्या घरात जाणारं, आणि रोग होता काहीशे रुपयांच्या बाटलीचा. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, जोरात चालवत असाल तर वर्षाला, आणि डॉट ५.१ टाकलं तर चालतं पण नुसतं डॉट ५ वेगळं असतं, ते सिलिकॉनचं, ते या सिस्टीममध्ये घालायचं नाही. नाव सारखं म्हणून काउंटरवरचा पोरगा काहीही हातात देतो.

आणि पॉवर वाढल्यावर ब्रेक का लागतो याचा साधा हिशोब, वेगाचा वर्ग होतो. तेच वळण आधी १०० ने गाठत होतात आणि आता १२० ने गाठताय, तर ब्रेकला किमान ४४ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत घालवायची आहे, दर वळणाला. पोलोला मागे तर ड्रमच आहेत, सगळा भार पुढच्या डिस्कवर. मी फ्लुइड आणि पुढे जरा चांगले पॅड टाकले, बस. पण रेसिंगचे पॅड रोजच्या गाडीला नको, ते थंड असताना नीट पकडत नाहीत, सकाळी सोसायटीच्या गेटवरच कळतं.

चूक दुसरी: टायर जुनेच, बाकी सगळं नवीन

ब्रेक मोठे करून गाडी लवकर थांबते असं वाटतं ना, मग एक करून बघा, मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून जोरात ब्रेक मारा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं? मग ब्रेकमध्ये जोर भरपूर आहे, टायर पकड सोडतोय. तिथे कॅलिपर कितीही मोठा लावा, एकदा थांबायचं अंतर कमी होणार नाही. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की पुढचं चाक फिरतं, ट्रॅक्शनची लाइट लुकलुकते, तेही तेच. रीमॅपचे जादाचे घोडे रस्त्यापर्यंत पोचतच नाहीयेत, आणि मालक विचारतोय स्टेज टू कधी करू.

टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) DOT अशा अक्षरांच्या पुढे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी दिसतेय म्हणून टायर चांगला असं नसतं, पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर हे आधी बघायचं.

साइज बदलताना पण गंमत करतात लोक. माझ्या गाडीला १९५/५५ आर१६. त्याच रिमवर २०५/५५ बसवलं की बाहेरचा व्यास जवळपास पावणेदोन टक्के वाढतो, गिअरिंग तेवढं लांब होतं, म्हणजे पैसे देऊन पिकअप थोडा कमी केला. २०५/४५ आर१७ घेतलं तर व्यास जवळपास तोच राहतो, पण १७ चं रिम जड असेल आणि साइडवॉल पातळ, पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर एक खड्डा आणि रिम वाकलं. मी १६ वरच राहिलो आणि त्याच साइजचे चांगले टायर घेतले. आजपर्यंत गाडीत टाकलेल्या गोष्टींत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला, आणि फोटोत दिसत नाही म्हणून त्याबद्दल कोणी विचारत पण नाही.

चूक तिसरी: आजारी गाडीवर अपग्रेड

रीमॅपनंतर गाडी पूर्ण लोडवर झटके मारायला लागली की लोक म्हणतात फाइल (रीमॅपचं सॉफ्टवेअर) खराब आहे, दुसऱ्या ट्यूनरकडे जा. असेलही, पण आधी स्वस्तातलं बघा. जुने स्पार्क प्लग जास्त बूस्टला (टर्बोच्या हवेच्या दाबाला) टिकत नाहीत. प्लग नवीन असतील तर गाडीच्या कॉम्प्युटरमधला एरर कोड वाचा. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसफायर करतोय, मग दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड खोडा, पुन्हा चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, झालं निदान, एक पाना आणि वीस मिनिटं. कोड तिथेच राहिला तर प्लग, इंजेक्टर, पुढे जा.

पेट्रोलचं पण बघा. फाइल ज्या ऑक्टेनवर बनवून घेतलीत त्यापेक्षा कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरताय, तर नॉक (पेट्रोल चुकीच्या वेळी आपोआप पेटणं) आला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्कचं टायमिंग मागे ओढतो, पैसे दिलेली पॉवर तो गुपचूप परत घेतो. एप्रिल-मेमध्ये तर जास्तच. "गाडी थंडीत उडते आणि उन्हाळ्यात मेल्यासारखी" या तक्रारीचं अर्ध उत्तर इथेच आहे.

क्लचचं मात्र नीट ऐका, कारण हे उशिरा कळतं. या इंजिनचा टॉर्क १७५० आरपीएमपासूनच पूर्ण येतो, रीमॅपने तो तिथेच अजून फुगतो आणि क्लचची वाट लागते ती खालच्या आरपीएमला वरच्या गिअरमध्ये. टेस्ट सोपी आहे, पाचव्या गिअरमध्ये २००० आरपीएमला या, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आणि काट्याकडे बघा. आरपीएमचा काटा टुणकन वर गेला आणि स्पीड मागेच रेंगाळला तर क्लच घसरतोय. बऱ्याच जणांना वाटतं टर्बो वीक आहे म्हणून आणखी बूस्ट मागतात, आणि महिन्याभरात प्लेट जाळतात. जुन्या पोलो १.२ जीटीवाल्यांनो, तुमच्या सात स्पीड डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) डिझाइनच २५० एनएमपर्यंतचं आहे आणि त्यात ड्राय (तेलात न बुडालेला) क्लच, तेव्हा ट्यूनरला आधी टॉर्क किती विचारा, पॉवर नंतर.

चूक चौथी: आवाज म्हणजे पॉवर

उघडा कोन फिल्टर (डब्याशिवायचा शंकूसारखा एअर फिल्टर) लावला की सूँ सूँ आवाज येतो, मालक खूश. तो फिल्टर आता बॉनेटखालची गरम हवा खातोय. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा) लावून इनटेकचं तापमान बघा, मेमध्ये स्वारगेटच्या सिग्नलला उभे राहा आणि आकडा चढताना बघत बसा. बरं, "इंटरकूलर मोठा टाकतो" म्हणाल तर या गाडीत तो (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) पुढे ग्रिलमागे नसतोच, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे आणि पाण्याने थंड होतो, म्हणजे दुसऱ्या गाडीचा बघून कॉपी करता येत नाही.

डाउनपाइपबद्दल थोडक्यात, त्यात कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असतो, कॅट काढला की चेक लाइट, पीयूसीची कटकट आणि गाडीचा वास. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. विमा कंपनीला न सांगता केलेलं काम क्लेमच्या वेळी आडवं येतं ते वेगळंच. मी उपदेश करत नाहीये, रीमॅप मी पण केलाय, पण हा खर्चातलाच भाग समजून हिशोबात धरा.

चूक पाचवी: गाडी खाली केली की चिकटते

स्टॉक (कंपनीच्या मूळ) शॉकअपवर फक्त लोअरिंग स्प्रिंग टाकणं हा सगळ्यात लोकप्रिय जुगाड आहे. गाडी दिसते छान. पण शॉकअपला हलायला जागाच उरत नाही, वळणात मध्येच खड्डा आला की सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला उडी मारते. खंबाटकी घाटाच्या वळणात हे अनुभवलेल्याला विचारा. वळताना गाडी ढिली वाटत असेल तर आधी बुश बघा, शॉकअपला तेलाचा ओघळ आहे का बघा, अलाइनमेंट करा. पुढचे टायर आतल्या कडेला जास्त झिजले असतील तर तो टो किंवा कॅम्बर (चाकाचा कोन) बोलतोय, स्प्रिंग नाही. माझ्या एका मित्राने कॉइलओव्हरचं बुकिंग केलं होतं, आणि खडखड निघाली लिंक रॉडची.

चूक सहावी: एकदम तीन गोष्टी, आणि मोजायचं काहीच नाही

शनिवारी इनटेक, एक्झॉस्ट, फाइल सगळं एकत्र करून आणतात आणि रविवारी गाडी अडखळते, आता शोधा कोणामुळे. एकावेळी एक. आधी मोजा, मग टाका, मग परत तसंच मोजा. मी तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० चा वेळ घेतो, फोनच्या जीपीएसवर, तोच सपाट रिकामा रस्ता, तीच सकाळची वेळ, दोन्ही दिशांना, टाकी साधारण तेवढीच भरलेली. लाँच (उभ्या गाडीतून जोरात सुटणं) वगैरे नको, त्यात टायर आणि आपला पायच मोजला जातो. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) जाणार असाल तर आधी-नंतर दोन्ही रन एकाच डायनोवर करा, कारण इथला आकडा तिथल्याशी जुळत नाही, आणि चाकावरची पॉवर आणि क्रँकची पॉवर यात गल्लत करून भांडणारे लोक तर कमीच नाहीत.

मोजायला लागल्यापासून माझी यादी आपोआप छोटी झाली. मागच्या वर्षी डाउनपाइपसाठी पैसे बाजूला काढले होते. गेल्या महिन्यात सहज ती पाचव्या गिअरची टेस्ट केली तर काटा २००० वरून पळाला, गाडी आहे तिथेच. माझाच क्लच. त्या दिवशीच फाइल स्टॉकवर घेतली. आता पुढच्या शनिवारी गिअरबॉक्स उतरतोय, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं एकदमच बदलतोय कारण उतरवायची मजुरी परत परत कोण देणार. डाउनपाइपचे पैसे तिकडे गेले. घरी सांगितलंय की सर्व्हिसिंगला टाकलीय, जे तसं खोटं पण नाही.