डायलिसिसच्या पेशंटचं बीपी घरी कसं मोजावं

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून हातात धमनी आणि शीर जोडलेली जागा. त्या हातावर बीपीचा पट्टा कधीही बांधू नका. दाबामुळे फिस्टुला बंद पडू शकतो. दुसऱ्या हाताच्या उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा उगाच वाढीव येतो.

अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा छातीच्या उंचीला हवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही आकडे आणि वजन वहीत लिहा.

डायलिसिस नसलेल्या दिवसाचे सकाळ-रात्रीचे आकडे सेंटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचे, कारण तिथे अंगातल्या पाण्याची चढउतार मधे येते.

वरच्या-खालच्या आकड्यांतला फरकही बघा. 170/70 म्हणजे फरक 100. तो कायम 60च्या वर राहिला तर धमन्या ताठर झाल्याची शंका घ्यावी. किडनी निकामी झाली की फॉस्फरस साठतो आणि कॅल्शियमसोबत धमन्यांच्या भिंतीत जमतो. म्हणून फॉस्फरस बांधणारी गोळी जेवतानाच घ्यायची, उपाशीपोटी तिचा उपयोग नाही.

सोलापूरकरांना हे जड जाईल, पण शेंगाचटणीत मीठ, पोटॅशियम, फॉस्फरस तिन्ही आहेत. त्यात मे महिन्यातलं ऊन! मिठाने तहान, तहानेने पाणी, पाण्याने वजन आणि बीपी. मीठ आधी तोडा, तहान आपोआप आवरते.

फिस्टुलावर रोज बोटं ठेवा. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.