दोन पॉवर सप्लाय, एकच यूपीएस: सर्व्हर बसवताना या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ कडे सरकला की पतसंस्था आणि डाळमिलवाल्यांचे फोन सुरू होतात, "भाऊ, सर्व्हर उठत नाही." दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, जोडणीचा असतो.

टँडम कंपनीने १९७६ मध्ये ‘नॉनस्टॉप’ संगणक आणला. प्रोसेसर, डिस्क, वीजपुरवठा, सगळं जोडीनं. एक पडला की दुसरा काम उचलणार. तेव्हा ही चैन बँका आणि शेअर बाजारांची होती. आज साध्या रॅक सर्व्हरलाही दोन पॉवर सप्लाय मिळतात. त्याचे जादा पैसे मोजायचे आणि दोन्ही वायरी एकाच यूपीएसमध्ये (लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज देणाऱ्या डब्यात) खुपसायच्या, हा प्रकार मला कळतच नाही. यूपीएस बंद पडला की दोन्ही सप्लाय एकदम मेले. दुसरी वायर वेगळ्या यूपीएसवर द्या. तेवढं बजेट नसेल तर स्टॅबिलायझरमार्गे थेट मेन्सवर द्या. प्रत्येक यूपीएसला एकट्याने पूर्ण लोड पेलता आला पाहिजे. रविवारी, बॅकअप घेऊन, एकेक वायर उपसून बघा. खात्री करायची तीच वेळ.

डिस्कचंही तसंच. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकच साठा. त्यातल्या रेड ५ प्रकारात एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, म्हणून बिघाड दाखवणाऱ्या पिवळ्या दिव्याकडे कुणी बघत नाही. नवी डिस्क टाकल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क तासन् तास वाचाव्या लागतात. त्याही तेवढ्याच जुन्या असतात, आणि त्या ताणात दुसरी गेली की डेटा गेला. मोठ्या डिस्क असतील तर रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो) किंवा रेड १० (प्रत्येक डिस्कची जोडीला हुबेहूब प्रत) घ्या. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून पुसलेली फाइल सगळीकडून एकदमच पुसली जाते. एक प्रत इमारतीबाहेर हवीच.

मेमरी ईसीसीच (स्वतःतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी) घ्या, त्यात वाद नको.

आता उन्हाळा. सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका. तो ओल आणि धूळ दोन्ही आत ओढतो. जिनिंगजवळ तर कापसाचा भुगाही. खोली १८ ते २७ अंशांत ठेवा. यूपीएसच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर गेलं की दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. एसी घेताना ऑटो-रीस्टार्ट आहे का विचारा. नाहीतर रात्री लाइट जाऊन आली, तरी एसी बंदच राहतो आणि सर्व्हर मात्र बंद खोलीत सकाळपर्यंत तापत बसतो.